हन्नाची गोष्ट अर्धीच का सांगता?

मूल न होणाऱ्या बाईला चर्चमध्ये एक ठरलेली गोष्ट सांगतात. हन्नाची. हन्नाला मूल नव्हतं, ती देवापुढे रडली, तिने नवस केला आणि तिला शमुवेल झाला. गोष्ट संपली की सांगणारी बाई आपला हात हातात घेते आणि म्हणते, "विश्वास सोडू नकोस, बेटा. तुझाही शमुवेल येणार."

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. ही गोष्ट मी पाळकसाहेबांकडून ऐकली आहे, महिला संघातल्या मावश्यांकडून ऐकली आहे, सासूबाईंच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर आलेल्या व्हॉइस नोटमध्ये ऐकली आहे आणि एकदा सोनोग्राफीसाठी नंबर लावून बसले असताना शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून सांगितली आहे. सगळ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण आता मला त्या सगळ्यांशी भांडायचं आहे. तुम्ही ती गोष्ट अर्धीच सांगता. आणि अर्धी सांगून तुम्ही आमचा विश्वास वाढवत नाही, तो आतून पोखरता.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या चर्चने 'आशा' या शब्दाचा अर्थ 'पॉझिटिव्ह टेस्ट' असा करून टाकला आहे. ख्रिस्ती माणसाच्या आशेला दुसरं नाव आहे, पुनरुत्थान. ज्या चर्चला हे आठवत नाही, त्या चर्चकडे मूल नसलेल्यांना सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून मग ते हन्नाची अर्धी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहतं.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे रविवारी सकाळी साठ मोठी माणसं बसलेली असतील, तर त्यातली दहाएक. ती शेवटच्या बाकावर असतात, किंवा वाद्यवृंदात गिटार वाजवत असतात, किंवा शब्बाथ शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना नोहाच्या तारवाचं चित्र रंगवायला शिकवत असतात. एखादे वेळी प्रवचन देणाराही त्यांच्यातलाच असतो.

उरलेली अर्धी गोष्ट

पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय उघडा आणि सावकाश वाचा. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत. दरवर्षी सगळं कुटुंब शिलोला देवाच्या मंदिरात जातं आणि दरवर्षी तिथेच पनिन्ना हन्नाला टोचून बोलते. सण, भक्ती, पंगत आणि टोमणे एकाच जागी. आपल्या नाताळच्या जेवणाची आठवण आली ना?

मग हन्ना एकटी प्रार्थनेला जाते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. दाराशी याजक एली बसलेला आहे. देवाच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस. तो तिच्याकडे पाहतो आणि ठरवतो की ही बाई दारू प्यायली आहे. तो तिला झापतो. हन्ना त्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगते की मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे. मूल नसलेल्या बाईबद्दल पुजाऱ्याचा पहिला अंदाज साफ चुकतो, हे बायबलने न लपवता लिहून ठेवलं आहे. या भागावर प्रवचन ऐकल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत.

पुढचं वाक्य तर कोणीच थांबून वाचत नाही. एली तिला शांतीने जा म्हणतो. हन्ना परत जाते, जेवते आणि तिचा चेहरा आता आधीसारखा उदास राहत नाही. कधी? दिवस राहिल्यावर नाही. त्या क्षणी तिच्याकडे काहीही नाही. ना मूल, ना कुठली खूण. जे मनात होतं ते देवापुढे ओतून झालं आहे, एवढंच. विश्वास म्हणजे काय हे त्या अध्यायात कुठे सांगितलं असेल, तर ते त्या जेवणाच्या ताटाशी. पाळणा नंतर येतो.

आणि पाळणा आल्यावर? दूध तुटताच हन्ना त्या लेकराला शिलोला नेऊन सोडते. ज्या एलीने तिला दारुडी ठरवलं त्याच्याच हाती. त्यानंतर वर्षातून एकदा ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेते. पुढे तिला आणखी मुलं होतात, पण ज्याच्यासाठी ती रडली होती तो घरी नसतो. 'तुझाही शमुवेल येणार' म्हणणाऱ्या मावशी, शमुवेल द्यावा लागतो हेही सांगा की.

गंमत अजून पुढे आहे. एलीचे दोन मुलगे याजक होते आणि लोकांनी आणलेल्या अर्पणातलं मांस बळजबरीने ओढून घेत होते. खुद्द शमुवेलाचे मुलगे मोठेपणी लाच खाऊ लागले, म्हणून इस्राएलच्या वडिलांनी राजा मागितला. म्हणजे ज्या पुस्तकातून तुम्ही 'मूल म्हणजे आशीर्वादाचा पुरावा' असं शिकवता, तेच पुस्तक दाखवतं की भल्या माणसांची मुलं वाया जाऊ शकतात आणि त्याने काही सिद्ध होत नाही. मूल असणं हे प्रमाणपत्र नव्हे. मग मूल नसणं हा दाखला कसला?

कोणाचं पाप?

आमचे दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टरांच्या भाषेत 'कारण सापडलं नाही' असा एक गट असतो, त्यात आम्ही. तीनदा आययूआय, दोनदा आयव्हीएफ. पोटात इंजेक्शन घेऊन घेऊन निळी पडलेली कातडी आणि प्रत्येक वेळी शेवटी फोनवर एक आकडा. ज्यांना हे माहीत आहे त्यांना तपशील नकोत, ज्यांना नाही त्यांनी एवढं समजून घ्यावं की सगळ्यात अवघड गोष्ट सुई नसते. ती असते कारण नसणं. डॉक्टरांकडे कारण नसलं की गाव ते पुरवायला तयारच असतं.

एका प्रार्थना सभेला बाहेरगावाहून वक्ते आले होते. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असणार. त्यांनी मला पुढे बोलावलं, कपाळाला तेल लावलं, पोटाच्या दिशेने हात करून मोठ्याने प्रार्थना केली आणि माइकवरून जाहीर केलं की पुढच्या वर्षी याच वेळी हिच्या हातात बाळ असेल. लोकांनी हालेलुया म्हटलं. माझा नवरा तिसऱ्या रांगेत बसलेला होता. त्याला कोणी पुढे बोलावलं नाही. पुढच्या वर्षी तेच वक्ते पुन्हा आले. माझे हात रिकामे पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं की तुझ्या आयुष्यात कबूल न केलेलं काही पाप आहे का.

हा हिशेब फार सोयीचा आहे. मूल झालं तर प्रार्थना करणाऱ्याचा अभिषेक, नाही झालं तर बाईचं पाप. आणि नेहमी बाईचंच. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो, हे वैद्यकशास्त्र कधीचं सांगतं आहे. तरी तेल कुठे लागतं ते पाहा. मराठीत 'वांझ' हा शब्द बाईच्याच कपाळी मारलेला आहे. पुरुषाला तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही.

पाप शोधणाऱ्यांनी लूकचं शुभवर्तमान उघडावं. जखऱ्या आणि अलीशिबा यांची ओळख करून देताना लूक आधी सांगतो की ती दोघं देवाच्या दृष्टीने नीतिमान होती, निर्दोष होती. आणि मग, पुढच्याच वाक्यात, त्यांना मूल नव्हतं. हा क्रम मुद्दाम आहे. वाचणाऱ्याच्या मनात शंका येण्याआधीच लूकने दार लावून टाकलं आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दोन हजार वर्षं झाली, आम्ही अजून तोच प्रश्न माइकवरून विचारतो आहोत.

कोणी म्हणेल, हन्नाची कूस देवानेच बंद केली होती असं तिथे लिहिलं आहे, त्याचं काय? लिहिलं आहे. मी ते पुसून टाकणार नाही. पण तिच्या कुठल्या पापामुळे, हे लिहिलेलं नाही. देवाने का, याचं उत्तर बायबल देत नाही तिथे ते देण्याचा अधिकार पाहुण्या वक्त्याला कोणी दिला?

वंशाचा दिवा आणि बाप्तिस्मा

आता मुळाशी जाऊ. मूल नसलं की आपल्याकडे माणूस घाबरतो ते फक्त एकटेपणाला नाही. नाव पुसलं जाण्याला घाबरतो. वंशाचा दिवा विझणार, मागे कोणी राहणार नाही. ही भीती जुनी आहे आणि येशूच्या काळातही होती. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात तरतूद होती: मूल न होता एखादा मेला तर त्याच्या भावाने विधवेशी लग्न करून मेलेल्याचं नाव चालवावं.

याच नियमावरून सदूकी येशूला कोड्यात टाकायला येतात. सात भाऊ, एकामागून एक तिच्याशी लग्न करतात, सातही जण निपुत्रिक मरतात, शेवटी तीही मरते. मग पुनरुत्थानात ती कोणाची बायको? सदूकी पुनरुत्थान मानत नसत, ही थट्टाच होती. आपण ही गोष्ट लग्नाबद्दलची म्हणून वाचतो. पण ती मूल न होण्याची गोष्ट आहे. सात जणांचं एक घर, शेवटी एकही वारस नाही. सदूकींच्या मते तिथे सगळं संपलं, कारण मरणापलीकडे पोचण्याचा त्यांच्याकडे एकच पूल होता, संतती. येशूचं उत्तर असं की मेलेले उठणार आहेत. देव जिवंतांचा आहे. नाव टिकवायला आता पोराची गरज उरली नाही. ते देवाने धरून ठेवलेलं आहे.

ख्रिस्ती आशा ही आहे. ती मुलांच्या विरोधात नाही, ती मुलांवर अवलंबून नाही. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात ज्याला मूल होऊच शकत नाही अशा षंढाला देव सांगतो की माझ्या घरात तुला मुलामुलींपेक्षा मोठं नाव देईन, कधी पुसलं न जाणारं. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प रस्त्यावरच्या रथात एका कूशी षंढाला गाठतो तेव्हा तो माणूस यशयाचंच पुस्तक वाचत असतो, फक्त तीन अध्याय अलीकडे. आणि रस्त्याकडेच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा होतो. यरुशलेमाबाहेर पसरू लागलेल्या चर्चमध्ये अगदी सुरुवातीला आलेल्यांपैकी हा एक माणूस, ज्याला वंश नाही आणि होणारही नाही. त्याला कोणी हन्नाची गोष्ट सांगितली नाही. आणि तो आनंद करत आपल्या वाटेने गेला, असं तिथे म्हटलं आहे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: आपला समाज लहान आहे, आपल्याला मुलं हवीतच. खरं आहे, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का होते. पण हा एक टक्का आला कुठून? अमेरिकन मिशनचं काम अहमदनगरला १८३१ साली सुरू झालं. माझे खापरपणजोबा ख्रिस्ती घरात जन्मले नव्हते. नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातून ते आले, आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीने त्यांना पंगतीतून उठवलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा रक्ताच्या नात्यांना तडा गेला, लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहावं लागलं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ आणि विधवा मुलींना केडगावच्या मुक्तीत आणलं. त्यांची पोटची मुलगी एकच होती, मनोरमा. त्यांना आई म्हणायला जागा मिळालेल्या मुली मोजायला रजिस्टर लागत असे.

मराठी चर्च हे असं उभं राहिलं आहे. रक्ताने टाकलेल्यांना पाण्याने जोडून. त्याच चर्चमध्ये आज मूल नसलेल्या बाईला बारशाला पाळण्याची दोरी धरू देत नाहीत. होय, ख्रिस्ती घरात. आपल्या पूर्वजांनी देव बदलला, नावं बदलली, गावकुसाबाहेरची जागा सोडली. वंशाचा दिवा मात्र आपण गाठोड्यात बांधून बरोबर आणला आणि वेदीवर नेऊन ठेवला.

नाकारलेली प्रार्थना

मी नवस करणाऱ्यांची थट्टा करत नाही. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाची बाळं मिळतात. मूल मागायला आलेली बाई ते मेणाचं बाळ घेते आणि माउलीपुढे ठेवते. तिथे सगळ्या धर्मांच्या बाया असतात. तिथे हन्नाच उभी असते, ओठ हलवत. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण मंदिराच्या दारात बसलेल्या एलीशी आहे, ज्याला तिच्याकडे पाहूनच सगळं कळतं.

आयव्हीएफ करणाऱ्यांचीही मी बाजू सोडणार नाही. कॅथलिक चर्च त्याला मान्यता देत नाही. १९८७ साली व्हॅटिकनने त्यावर सविस्तर भूमिका मांडली, आणि मूल हा हक्क नसून देणगी आहे, असं तिथे म्हटलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा बहुधा जोडप्याच्या विवेकाचा प्रश्न मानतात. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण 'डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास' असं जे लोक म्हणतात, ते मधुमेहाची गोळी खाऊन म्हणतात, एवढं लक्षात असू द्या. आणि मूल देणगी असेल तर ते प्रार्थनेचं बिल भरल्यावर मिळणारी वस्तू होऊ शकत नाही. देणगी मिळाली नाही म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

दुसऱ्यांदा आयव्हीएफ फसलं तेव्हा मी प्रार्थना करणं थांबवलं. रागाने नाही, शब्दच नव्हते. त्या आठवड्यात आमच्या चर्चमधल्या एक निवृत्त सिस्टर घरी आल्या. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या, स्वतः अविवाहित. त्यांनी हन्नाचं नाव काढलं नाही. चहा घेतला आणि विचारलं, एक स्तोत्र वाचू का? मग त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, आभारावर येतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हेही पवित्र शास्त्रातच आहे हो. रविवारी गाता आलं नाही तर गाऊ नकोस. तुझ्या वाटचं मी गाते."

माझा विश्वास तिथून परत सुरू झाला. कोणत्याही चमत्काराच्या साक्षीने जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं. कारण मला कळलं की देवासमोर अंधाराने संपणारी प्रार्थनाही चालते. ती शास्त्रात छापलेली आहे. आणि मला कळलं की विश्वास ही मी एकटीने उचलायची गोणी नाही. काही दिवस माझ्या बाजूचं टोक दुसरं कोणी धरू शकतं.

मग मी नाकारलेल्या प्रार्थना शोधायला लागले. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. गेथशेमाने बागेत येशूने घाम गाळत मागितलं की हा प्याला टळू दे. टळला नाही. मला कोणीतरी सांगावं, येशूचा विश्वास कमी पडला का? त्याच्या आयुष्यात कबूल न केलेलं काही होतं का? ज्या धर्माच्या केंद्रस्थानी न फळलेली प्रार्थना आहे, त्या धर्मात न फळलेल्या प्रार्थनेची लाज वाटावी, यासारखा विपर्यास नाही. त्या बागेतला 'नाही' आणि त्यानंतरच्या रविवारची रिकामी कबर, या दोन्हींच्या मधल्या शनिवारी माझ्यासारखी माणसं राहतात. रिकामेपणाची बातमी प्रत्येक वेळी वाईटच असते असं नाही, हे त्या रविवारमुळेच मला माहीत आहे.

मग करायचं काय?

तक्रार करून थांबणं सोपं आहे, म्हणून काही मागण्या मांडते.

साक्षीच्या वेळी ज्यांची प्रार्थना फळली नाही आणि तरी जे चर्चला येतात, त्यांनाही बोलू द्या. लग्नात नवरानवरीला माइकवरून 'लवकरच गोड बातमी कळवा' म्हणणं बंद करा. सुखदुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचं ते वचन घेतात. त्या वचनात मुलाची अट नसते. मदर्स डेला मुलं असलेल्या बायकांना उभं करून गुलाब देता, तेव्हा बसून राहिलेल्यांकडे एकदा पाहा. कोणाच्या पोटासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी तिला विचारा, आणि तिच्या नवऱ्यालाही शेजारी बसवा.

दत्तकाचा सल्ला औषधासारखा देऊ नका. मूल हे आईबापांच्या दुःखावरचा उतारा नसतं, त्याला स्वतःचं दुःख असतं. पण माहिती जरूर द्या. कारण आपल्या पिढ्यानपिढ्यांना एक गोष्ट माहीतच नाही. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा, तो ख्रिस्ती लोकांना लागू नव्हता. आपल्याला बहुतेक वेळा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळे, मूल सज्ञान झालं की तेही संपे. बाल न्याय कायदा आणि २००६ ची त्यातली दुरुस्ती यांमुळे हे बदललं. कुठल्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली मूल दत्तक घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं. आज वाट मोठी आहे, थांबलेले पालक जास्त आहेत आणि दत्तकासाठी मोकळी मुलं कमी. तरी दार उघडं आहे, हे प्रवचनातून एकदा तरी कळू द्या.

आणि शेवटची, सगळ्यात महागडी मागणी. 'म्हातारपणी तुमचं कोण?' हा प्रश्न आम्हाला विचारणं सोडा आणि त्याचं उत्तर व्हा. हा प्रश्न खोटा नाही. रात्री दोनला छातीत दुखलं तर फोन कोणाला करायचा, दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहायचं, पेटीला खांदा कोण देणार, हे आम्ही दोघांनी बोलून पाहिलेलं आहे. वधस्तंभावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हवाली केली. तो तिचा मुलगा नव्हता. त्या दिवसापासून त्याने तिला घरी नेलं. चर्च म्हणजे काय याची याहून सरळ व्याख्या मला माहीत नाही. ज्या मंडळीत दवाखान्याच्या फॉर्मवर लिहायला एकमेकांची नावं सुचत नाहीत, तिने स्वतःला देवाचं कुटुंब म्हणू नये.

त्या सिस्टर गेल्या वर्षी वारल्या. त्यांना मूल नव्हतं. आजारपणाचे चार महिने त्यांच्याकडे रात्री कोणी झोपायचं याचा तक्ता महिला संघाने केला होता आणि तो एकही दिवस रिकामा गेला नाही. दफनाच्या दिवशी पेटी उचलायला सहा माणसं लागतात, पुढे आली वीस. आमच्या चर्चला हे जमतं. म्हणून तर मी हे रागाने लिहिते आहे. जे एका बाईसाठी केलंत ते धोरण म्हणून करा, आणि ती मरायला टेकण्याआधी करा.

मला मूल होईल का, माहीत नाही. आता मी छत्तीस वर्षांची आहे, आणि वय काय करतं ते मला डॉक्टरांनी आलेखासकट दाखवलं आहे. मी अजून मागते. हन्नासारखीच, ओठ हलवत. पण माझी आशा त्या आलेखावर टांगलेली नाही. पुढच्या वेळी मला हन्नाची गोष्ट सांगायला येणार असाल, तर जरूर या. फक्त ताटापाशी थांबा, जिथे ती रिकाम्या ओटीने उठली, जेवली आणि तिचा चेहरा उजळला. तिथपर्यंतची गोष्ट आमचीही आहे.